मदत मागण्याची रीत

प्रस्तावना

मदत मागण्याची वेळ प्रत्येकावर कधी ना कधी येते. घरातील आजारी माणसासाठी, अडलेल्या कामासाठी किंवा हातचे जाऊ पाहणाऱ्या पिकासाठी अनोळखी जाणकाराकडे धाव घ्यावी लागते. जाणकार भेटतो, तो मनापासून ऐकतोही. तरीही पुष्कळदा उपयोगी उत्तर मिळत नाही. अशा वेळी दोष उत्तर देणाऱ्याचाच असतो असे नाही. प्रश्न अपुरा असला, तर उत्तरही अपुरे राहते. नेमका प्रश्न कसा मांडावा, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
- पाहिलेली गोष्ट आणि तिच्याविषयीचा तर्क यांतील फरक ओळखता येईल;
- आपली अडचण आवश्यक तपशिलासह मांडता येईल;
- मिळालेला सल्ला बरोबर समजला की नाही, याची खात्री करून घेता येईल.

मूळ पाठ

भारत सरकारने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर ही सेवा सुरू केली. १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत शेतकऱ्यांना २२ भाषांतून शेतीविषयक सल्ला मिळतो. उत्तर देणाऱ्या सल्लागारांनी कृषी किंवा तत्संबंधित विषयांचे शिक्षण घेतलेले असते. तथापि त्यांच्यापुढे एक अडचण असते. दूरध्वनीवरून त्यांना पीक दिसत नाही, माती हाती घेता येत नाही. शेतकरी जे सांगेल, तेवढेच त्यांना कळते.

उदाहरणादाखल एका शेतकऱ्याचा विचार करू. जुलै महिना संपत आला आहे. आठवडाभराच्या पावसानंतर त्याच्या शेतातील सोयाबीन पिवळे दिसू लागले. बियाण्याला आणि खताला घातलेला पैसा उसना आणलेला. घाबरून जाऊन तो दूरध्वनी करतो आणि एका दमात विचारतो,

‘‘साहेब, सोयाबीनवर रोग पडलाय. कोणतं औषध मारू?’’

या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणताही तज्ज्ञ देऊ शकणार नाही. सोयाबीन पिवळे पडण्याची कारणे अनेक आहेत. नत्र कमी पडले, तर खालची जुनी पाने आधी पिवळी होतात. लोहाची कमतरता असेल, तर शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडतात. त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. पाणी साचून मुळे गुदमरली, तरी पीक पिवळे दिसते. पिवळा मोझॅक या विषाणूजन्य रोगात पानांवर पिवळे-हिरवे चट्टे उमटतात. या रोगाचा प्रसार पांढरी माशी करते. कारण निराळे, तसा उपायही निराळा. चुकीच्या औषधाने पैसा जातो आणि पीक सावरण्याचे दिवसही निघून जातात.

‘रोग पडलाय’ हे शेतकऱ्याने पाहिलेले नव्हते. तो त्याचा तर्क होता. पिवळी पाने त्याने पाहिली होती. मदत मागताना माणूस नेमकी येथेच चूक करतो. तो आपला निष्कर्ष सांगतो आणि लक्षणे सांगायची राहून जातात.

सल्लागाराने त्याला शेतात जाऊन झाडे नीट पाहून पुन्हा बोलावयास सांगितले. दुसऱ्या वेळी त्याचे बोलणे असे झाले :

‘‘साहेब, २५ जूनला पेरणी केली. वाण जेएस-३३५. जमीन काळी, पण खाली चुनखडी लागते. सखल भागात पाणी साचलंय आणि तिथलीच झाडं पिवळी झालीत. उंचावरचं पीक हिरवं आहे. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. आणखी एक सांगायचं राहिलं होतं. एकाच्या सांगण्यावरून मी दोनदा कीटकनाशक फवारलं. काही फरक पडला नाही. आता आधी काय करू?’’

‘‘बरं झालं सांगितलंत, दादा. पानांच्या खाली पांढरी माशी दिसते का?’’

‘‘पानं उलटून पाहिली. नाही दिसली.’’

‘‘मग ही लोहाची कमतरता दिसते. आधी चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा आला, की १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून फवारा. कीटकनाशक आता नको.’’

‘‘म्हणजे आधी पाणी काढायचं, वाफसा आल्यावर १० लिटरला ५० ग्रॅम फवारायचं. बरोबर ना?’’

‘‘अगदी बरोबर. आठ दिवसांत नवी पानं हिरवी दिसली नाहीत, तर पुन्हा फोन करा.’’

दोन्ही वेळी शेतकरी तोच होता आणि अडचणही तीच होती. फरक मांडणीत पडला. कधी, कोठे आणि किती हे त्याने सांगितले. काय बिघडले, याबरोबरच काय शाबूत आहे, हेही सांगितले. शेवटी त्याने एकच स्पष्ट प्रश्न विचारला आणि मिळालेला सल्ला स्वतःच्या शब्दांत म्हणून दाखवला.

त्याला सर्वांत अवघड गेले, ते आधीच्या फवारणीविषयी बोलणे. आपण फसलो, हे परक्या माणसापुढे सांगण्यास संकोच वाटतो. परंतु झालेली चूक लपवली, तर जाणकार कदाचित तोच उपाय पुन्हा सांगेल आणि पदरचा पैसा दुसऱ्यांदा जाईल. डॉक्टरपुढे आधी घेतलेल्या गोळ्या लपवणाऱ्या रोग्याचेही असेच नुकसान होते. चूक सांगितल्याने माणूस लहान ठरत नाही. मदत करणाऱ्याचे काम सोपे होते.

मात्र मोकळेपणालाही मर्यादा असावी. बँक खात्याचा पिन किंवा भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी मदतीच्या निमित्ताने कोणी मागितला, तरी सांगू नये. खऱ्या मदतनीसाला त्याची गरज नसते.

काम झाल्यावर त्याचा परिणाम कळवणे, हा मदत मागण्याचाच शेवटचा भाग आहे. गुण आला की नाही, हे जाणकारालाही समजते आणि तशाच अडचणीत सापडलेल्या दुसऱ्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

शब्दार्थ

निःशुल्क – मोफत
तर्क – अंदाज, अनुमान
सखल – खोलगट, आजूबाजूपेक्षा खाली असलेला
वाफसा – पावसानंतर जमिनीत कामाला योग्य अशी ओल असण्याची स्थिती
शाबूत – न बिघडलेले, सुरक्षित

स्वाध्याय

१. शेतकऱ्याच्या पहिल्या प्रश्नाला नेमके उत्तर देणे का शक्य नव्हते?
२. ‘रोग पडलाय’ आणि ‘कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या’ या दोन विधानांतील फरक स्पष्ट करा.
३. मिळालेला सल्ला पुन्हा म्हणून दाखवण्याचा फायदा कोणता?
४. तुमच्या घरातील व्यक्तीला तीन दिवसांपासून ताप आहे. डॉक्टरांना सांगावयाची माहिती ८ ते १० ओळींत लिहा. त्यात तुमचा तर्क असल्यास तो वेगळा दाखवा.