हवामान बदल आणि बिनजमिनीचा माणूस
(अभ्यासवर्गासाठी पाठ)

गेल्या पौर्णिमेच्या अभ्यासवर्गात एका उपासिकेने विचारले, "गुरुजी, हवामान बदल हा आपला विषय कसा? आपल्याला ना ऊस, ना विहीर." या ताई माझ्या आईच्या वयाच्या आहेत, वर्षभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात. प्रश्न साधा होता, परंतु मला त्याचे उत्तर तेथल्या तेथे देता आले नाही. म्हणून हा पाठ.

प्रथम आपल्या दोन तालुक्यांची गेली काही वर्षे आठवून पाहू. बारामती व इंदापूर हे पर्जन्यछायेचे तालुके. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. २०२३ साली तो आलाच नाही म्हणावे असा आला आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत हे दोन्ही होते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपला, मृत साठाही खाली गेला आणि पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडले. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस नसावा अशा दिवसांत तो एवढा कोसळला की पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि दोन्ही तालुक्यांत घरांत पाणी शिरले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एक दुष्काळ किंवा एक पूर म्हणजे हवामान बदल नव्हे. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ याच भागाने पाहिला. नीरा डावा कालवा त्यानंतरच झाला. १९७२ चा दुष्काळ तर आपल्या आजी-आजोबांनी अंगावर काढला. परंतु कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून जो वायू हवेत साठतो त्यामुळे पृथ्वी तापते, आणि तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते. त्यामुळे पडतो तेव्हा धो-धो पडतो व मधले कोरडे दिवस लांबतात. दुष्काळ आणि पूर पूर्वीही होते. आता ते एकमेकांच्या पाठोपाठ, अवेळी आणि अधिक जोराने येण्याचा धोका वाढला आहे.

हा वायू सोडला कोणी? या प्रश्नावर जगात भांडण आहे, आणि त्या भांडणात आपल्या देशाची बाजू न्यायाची आहे असे माझे मत आहे. १९९१ साली अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी दाखवून दिले की श्रीमंत देशांतील चैनीचा धूर आणि गरीब शेतकऱ्याच्या जगण्याचा धूर एकाच तराजूत तोलणे अन्याय आहे. आजही एक अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे १४ टन कार्बन वायू सोडतो आणि एक भारतीय सुमारे २ टन. १९९२ च्या जागतिक करारात हे तत्त्व मान्य झाले की जबाबदारी सर्वांची असली तरी सारखी नाही. २०१५ च्या पॅरिस करारातही ते टिकले. ज्यांनी नुकसान केले त्यांनी ज्यांचे झाले त्यांना साहाय्य द्यावे, यासाठी निधी स्थापण्याचे २०२२ साली इजिप्तमधील परिषदेत ठरले.

आता हाच न्याय गावात आणून पाहा. ताईंच्या दोन खोल्यांत एक दिवा आणि एक पंखा. त्यांचा धूर किती? पण नुकसान मोजायची वेळ येते तेव्हा मोजमाप माणसाचे होत नाही, जमिनीचे होते.

२०२३ चा दुष्काळ जाहीर झाला तेव्हा आठ सवलती दिल्या गेल्या. मी त्या वर्गात फळ्यावर लिहिल्या. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, पंपाची वीज न तोडणे : या पाच ज्याच्याकडे सात-बारा आहे त्याच्यासाठी. उरल्या तीन : परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता आणि टँकर. म्हणजे बिनजमिनीच्या माणसाला मुलाची फी, मातीकाम आणि प्यायचे पाणी. फी माफीचे मोल मी कमी लेखत नाही. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर आहे आणि परीक्षेच्या फीसाठी घरात काय होते ते मला ठाऊक आहे. परंतु पाचास तीन हे प्रमाण लक्षात ठेवावे.

पुराचेही तसेच. आपत्ती साहाय्याच्या केंद्रीय निकषांत २०२२ ते २०२६ या काळासाठी, ३३ टक्क्यांवर पीक गेले तर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० असा दर ठरला. छोट्या शेतकऱ्याला ही रक्कमही पुरत नाही, हे खरे. पण मे २०२५ मध्ये पंचनाम्याला आलेल्या माणसाने ताईंना विचारले, "गट नंबर कोणता?" त्या म्हणाल्या, "रान नाही, माझे पंधरा रोज बुडाले." तो बिचारा कागद उलटसुलट करून पाहू लागला. त्याची चूक नव्हती, बुडालेल्या रोजाचा रकानाच त्या कागदावर नव्हता. आणि ऊन? अवर्षण, गारपीट, पूर या आपत्ती त्या केंद्रीय यादीत आहेत. उष्णतेची लाट त्यांत घालावी ही राज्यांची मागणी पंधराव्या वित्त आयोगाने मान्य केली नाही. उन्हाने ऊस वाळला तर पंचनामा होऊ शकतो. उसात खुरपणारी बाई भोवळ येऊन पडली तर तिचा तो दिवस कोठेच लिहिला जात नाही.

उसाचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले की धूर कमी होतो, म्हणून २०१८ च्या जैवइंधन धोरणाने त्याला गती दिली आणि पुढे २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०३० वरून २०२५-२६ वर आणले गेले. चांगली गोष्ट. पण आपल्याकडे ते इथेनॉल प्रामुख्याने उसाचे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने पाणी पितो. २०२३ ला पाऊस हुकताच ७ डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली, आठवड्यात ती थोडी सैल केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. हवामान वाचविण्याचा उपाय हवामानानेच अडवला! कारखानदारांनी तक्रार केली, ती वर्तमानपत्रांत आली. परंतु ऊस कमी म्हणजे हंगाम आखूड, हंगाम आखूड म्हणजे मुकादमाकडून घेतलेली उचल फिटत नाही, आणि तीच उचल कोयत्याला पुढच्या वर्षी पुन्हा बांधून ठेवते. बीडकडून आलेल्या टोळ्यांतली मुले दिवाळीनंतर माझ्या वर्गात येऊन बसतात, पट्टा पडला की निघून जातात. हे मी हजेरीपत्रकावरून सांगतो.

पाण्याचे भांडण आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला तंटा हे दिले आहे. हा भाग आपण अनेकदा वाचला आहे, पण एक तपशील निसटतो. मारामारी झाली ती दोन्हीकडच्या सेवकांची, जखमी झाले ते सेवक. आणि युद्धाचा ठराव झाला तो संघात, जेथे सेवकांना मत नव्हते. सिद्धार्थाने सुचविले की दोघे शाक्यांनी निवडावेत, दोघे कोलियांनी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा. बहुमताने ते फेटाळले.

नीरेचे पाहा. जून २०१९ मध्ये नीरा देवघरचे बारामती-इंदापूरकडे येणारे जादा पाणी थांबवून उजव्या कालव्याला, म्हणजे फलटण, माळशिरस, सांगोल्याकडे वळविले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा नवी वाटणी केली : डाव्याला ५५ टक्के, उजव्याला ४५. दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले, आणि मोर्चात ट्रॉली भरून नेलेली माणसे पुष्कळदा शेतमजूरच असतात. ५५ असो वा ४५, ज्याची चारी नाही त्याच्या वाट्याला शून्यच. २००५ च्या राज्याच्या जलनियमन कायद्यात टंचाईच्या वर्षी शक्य तेथे प्रत्येकाला किमान एक एकर भिजेल एवढे पाणी द्यावे असे तत्त्व आहे. पण ते प्रत्येक जमीनधारकाला. माणसाला नव्हे.

दुसरा मार्ग नाहीच का? आहे, आणि तो शेजारच्या पुरंदर तालुक्यातच दिसला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तेथे पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणशी अर्धा एकर या हिशोबाने, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरपर्यंत. ऊस घ्यायचा नाही. आणि बिनजमिनीच्या कुटुंबालाही पाण्यावर हक्क. त्याच दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली व १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. माझी आजी तेव्हा खडी फोडायला जाई. मस्टरवर नाव लिहिताना तिला कोणी गट नंबर विचारला नाही, हात पाहिले.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. निकषांचा तो कागद मी पुन्हा वाचला, तेव्हा त्यात एक ओळ सापडली जी आमच्या वर्गात कोणालाच माहीत नव्हती. आपत्तीने ज्यांची उपजीविका गंभीरपणे बाधित झाली अशा कुटुंबातील दोन प्रौढ माणसांना रोजगार हमीच्या दराने, साधारणपणे ३० दिवसांपर्यंत, साहाय्य देता येते. त्यात जमिनीची अट नाही. मात्र असे कुटुंब कोणते हे शासनाने प्रमाणित करावे लागते, आणि बुडालेल्या रोजांची नोंदच नसेल तर ते कशावरून प्रमाणित करणार?

म्हणून पुढील वर्गाला येताना प्रत्येकाने लिहून आणावे : मे २०२५ मध्ये आपले कोणते दिवस बुडाले, त्या दिवसांत कोणाच्या रानात काम ठरले होते, आणि रोज किती होता. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी २०२३-२४ च्या हंगामाचे दिवस व राहिलेली उचल लिहावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अर्धा तास लवकर यावे, त्यांचे मी लिहून देईन. यादीची एक प्रत ग्रामसभेत द्यायची आणि पोच घ्यायची.