ट्रॉलीच्या चाकाचे बेअरिंग बदलताना

यवतमाळ जिल्ह्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीचे बेअरिंग जाते ते बहुधा ऐन हंगामात. वणी-पांढरकवड्याकडे कापूस जिनिंगला निघालेला असतो, उमरखेड-पोफाळीकडे ऊस. कापसाची ट्रॉली दिसायला उंच. चाकांवर खरी जड पडते ती उसाची. रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की त्याचे आयुष्य निम्मे होत नाही, सुमारे एक दशांशावर येते. त्यात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झिजलेल्या सीलमधून हबमध्ये शिरतो आणि ग्रीस पांढुरके, पातळ होते. म्हणून हंगामाआधीच चाक उचलून वर-खाली हलवून पाहावे. खेळ जाणवला, फिरवताना घरघर आली किंवा रिमच्या आत ग्रीस उडालेले दिसले, तर हब उघडायला हवा.

ट्रॉली आधी रिकामी करावी. दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि चाकाचे नट जमिनीवरच सैल करावेत. काळ्या जमिनीत जॅक खचतो. त्याखाली जाड फळी हवीच. उचलल्यावर अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळे रचावेत. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ट्रॉलीखाली कुणीही जाऊ नये, मदतीला आलेले पोर तर मुळीच नाही.

नवे बेअरिंग महिन्याभरात पुन्हा गेले, तर दोष दुकानदाराला दिला जातो. खरा दोष बहुधा अ‍ॅक्सलवर सापडतो. बेअरिंग बसते ती जागा निळी पडली असेल, खरवडली असेल किंवा आतली कडी तिथे सैल फिरत असेल, तर कितीही चांगले बेअरिंग टिकणार नाही. आधी अ‍ॅक्सल दुरुस्त करावा. बेअरिंग घेताना जुन्यावरचा नंबर दाखवावा: 30209 मधल्या शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतला व्यास 45 मिलिमीटर निघतो. कप (बाहेरची कडी) जुना आणि कोन (रोलरसह आतली कडी) नवा, अशी काटकसर करू नये. सीलही नवेच घालावे.

हब डिझेलने धुऊन, पुसून कोरडा करावा. रोलरच्या फटींतून वर येईपर्यंत ग्रीस तळहाताने दाबून भरावे. हब मात्र गच्च भरू नये, तो तापतो. हब फिरवत फिरवत अ‍ॅक्सलचा नट आवळावा, मग किंचित सैल करून जवळच्या खाचेत नवी स्प्लिट पिन घालावी. दोन-चार किलोमीटर रिकामी ट्रॉली चालवून हबला हात लावून पाहावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल, तर नट जास्त आवळला गेला आहे. तो सैल केल्याशिवाय माल भरू नये.