थेंबातलं उलटं फूल

प्रश्न : पाऊस थांबला की कपड्यांच्या तारेला लोंबणाऱ्या थेंबांचे फोटो मी मॅक्रो लेन्सने काढते. मागची जास्वंद थेंबात उलटी दिसते. शिवाय थेंबाची कड स्पष्ट आली की आतलं फूल धूसर होतं, आणि फूल स्पष्ट आलं की कड पुसट. लेन्समध्ये दोष आहे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : लेन्स दुरुस्तीला नेऊ नका, ती ठणठणीत आहे.

आधी उलटेपणाचं पाहू. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते हे खरं, पण कॅमेरा ती सुलटी करूनच दाखवतो. थेंबातलं फूल तर नुसत्या डोळ्यांनाही उलटंच दिसतं. पुष्कळांना ते आरशासारखं प्रतिबिंब वाटतं, तेही बरोबर नाही. प्रतिबिंबात मागचं फूल कसं येईल? समोर उभ्या असलेल्या तुम्हीच दिसाल. तशी तुमची इवलीशी, सुलटी छबी थेंबावर असतेही. पण समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 2 टक्केच पाणी परतवतं, म्हणून ती लक्षात येत नाही.

लोंबता थेंब जवळजवळ गोल असतो, म्हणजे ते एक बहिर्गोल भिंगच झालं. फुलाच्या वरच्या पाकळीकडून आलेले किरण त्यातून वाकून खाली उतरतात, खालच्या पाकळीचे वर चढतात. डावं-उजवंही असंच पालटतं. पाण्याचा अपवर्तनांक 1.33 आहे, त्यामुळे दूरच्या वस्तूचे किरण थेंबाच्या केंद्रापासून साधारण एका व्यासाइतक्या अंतरावर एकत्र येतात. म्हणजे फुलाचं चित्र थेंबाच्या आत नसतंच! ते थेंबाच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या बाजूला, हवेत तयार होतं.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर इथेच आहे. थेंब 3 मिलिमीटरचा असेल, तर त्याची कड आणि फुलाचं चित्र यांत सुमारे 3 मिलिमीटरचं अंतर पडतं. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर वस्तू तिच्या खऱ्या आकारात टिपताना, एफ 8 ला, स्पष्ट दिसणारा पट्टा असतो सुमारे 1 मिलिमीटरचा. दोन्ही त्यात मावणार कसे? छिद्र एफ 16 केलं तर पट्टा दुप्पट होतो, तरी पुरत नाही. आणि छिद्र फार लहान केलं की प्रकाशाच्या विवर्तनाने सगळाच फोटो मऊ पडू लागतो.

वारा पडलेला असेल तर कॅमेरा तिपाईवर ठेवून फोकस किंचित सरकवत चार-पाच फोटो घ्या आणि संगणकावर एकत्र करा. वारा असेल तर मात्र एकच निवडावं लागतं, आणि माझं मत फुलाच्या बाजूने आहे. कड थोडी मऊ राहिली तरी थेंब ओळखू येतो. फूल धूसर झालं तर फोटोत पाहण्यासारखं फारसं उरत नाही. तेव्हा आधी कडेवर फोकस साधा आणि मग कॅमेरा केसभर मागे घ्या.