तणांचे नैसर्गिक शत्रू आणि धान्यशेती

एकच तणनाशक वर्षानुवर्षे वापरल्यास त्यातून वाचणाऱ्या तणांचेच बी शेतात पडत जाते व अखेर ते औषध निष्प्रभ ठरते. पंजाब-हरियाणातील गव्हात मंडूसी या गवतावर आयसोप्रोट्युरॉनचा परिणाम होईनासा झाल्याचे १९९० नंतर आढळून आले. अशा तणांवर कीटकांचा उपाय करता येईल काय?

याचे उत्तर तण हे पिकाचे किती जवळचे आप्त आहे, यावर अवलंबून असते. मंडूसी हे गव्हाप्रमाणेच तृणकुलातील होय. त्यावर जगणारा कीटक गव्हाकडे वळणार नाही, याची शाश्वती देणे कठीण. म्हणून अशा गवतांसाठी पिकांची फेरपालट, स्वच्छ बियाणे व वेळेवर निंदणी हेच मुख्य उपाय ठरतात.

गाजरगवताची गोष्ट वेगळी आहे. हे परदेशी तण १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले व पुढे देशभर पसरले. त्याचा शत्रू असलेला मेक्सिकन भुंगेरा १९८३ मध्ये बंगळूर येथे आणण्यात आला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये सोडण्यात आला. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्याने शंका उद्भवली. तथापि पानांवर पडलेल्या गाजरगवताच्या परागामुळे तो तिकडे ओढला जातो, असे अभ्यासात आढळले.

भुंगेरा व त्याच्या अळ्या पावसाळ्यात पाने फस्त करतात. थंडीत भुंगेरे जमिनीत सुप्त राहतात. तणाने औषध पचविले असले, तरी भुंगेऱ्याला त्याची अडचण नसते. मात्र त्यांची संख्या वाढेपर्यंत पिकाचा तणाशी झुंजण्याचा नाजूक काळ निघून जातो. म्हणून त्यांचे खरे क्षेत्र बांध, पडीक जमीन व रस्त्याच्या कडा हे होय.

जोयडा तालुक्यातील कुळगीसारख्या वनालगतच्या गावांनी हा भेद ध्यानी ठेवावा. गाजरगवताचे बी वाहनांबरोबर व चाऱ्याबरोबर गावात शिरते. शेतातील रोपे फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावीत. त्याच्या स्पर्शाने त्वचारोग जडतो. पडीक जागी भुंगेरे सोडावेत, तेथे कीटकनाशक फवारू नये आणि पावसाच्या आरंभी टाकळ्याचे बी फेकावे. शाळांनी मुलांना भुंगेऱ्याची ओळख करून दिल्यास हा उपयुक्त मित्र कीड समजून मारला जाणार नाही.