चौदा डहाळ्या

सिनेमाचं नाव सांगणार नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. ते नाव ज्यांच्या नावावर नोंदलं गेलंय त्यांची फुकट जाहिरात मी का करू? ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाकीच्यांनी एवढंच धरून चालावं की 70 मिनिटांचा सिनेमा, लालबागच्या एका चाळीत नोव्हेंबर 2019 मध्ये 19 दिवसांत चित्रित केला, पैसे माझे, भावाचे आणि तीन मित्रांचे. आणि मी 11 वर्षं एडिटिंग करून घर चालवणारी बाई, म्हणजे कालची पोर नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकिगत ऐकली की समोरचा हटकून म्हणतो, "अगं, तुला एवढंही कळलं नाही?"

नाही कळलं. पुढे?

ज्यांच्या नावावर सिनेमा नोंदलाय ते काका भेटले शिवाजी पार्कला, 'प्रकाश' हॉटेलात. कॅमेरामनने ओळख करून दिली. माझा एडिट लॉकडाऊनमध्ये घरात बसून पूर्ण झाला होता आणि साउंड मिक्सिंगला खात्यात दमडी नव्हती. काकांच्या नावावर दोन मालिका, एक व्यावसायिक नाटक आणि परळला एका जुन्या मिलच्या आवारात एसी ऑफिस. त्यांनी माझ्यासाठी न विचारता साबुदाणा वडा आणि पियुष मागवलं. सिनेमा कशाबद्दल आहे हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, हे मला दोन वर्षांनी आठवलं. त्यांनी विचारलं ते "किती मिनिटांचा?" आणि "पोस्टर झालंय का?" मग म्हणाले, "बाळा, तू फक्त सिनेमा कर. कागदाचं मी बघतो."

कागदाचं त्यांनी खरोखरच बघितलं.

माझ्या डोक्यात तेव्हा 'कोर्ट' होता. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्याच असतो. चैतन्य ताम्हाणेच्या पाठीशी विवेक गोंबर उभा राहिला, पैसा घातला, वर स्वतः वकिलाची भूमिका केली आणि सिनेमा 2014 साली व्हेनिसला जाऊन दोन पुरस्कार घेऊन आला. ही गोष्ट आम्ही एकमेकांना सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतो, आणि प्रत्येकाला वाटतं की आपलाही गोंबर कुठल्या तरी हॉटेलात वडा खात बसलाय. त्या गोष्टीतला कामाचा भाग मात्र कोणी सांगत नाही. 'कोर्ट' आधी व्हेनिसला दाखवला, त्यानंतर मुंबईच्या महोत्सवात, आणि आपल्याकडच्या थिएटरात आला तो एप्रिल 2015 मध्ये. हा क्रम नशिबाने लागत नाही. मोठ्या महोत्सवांना सिनेमाचा पहिला खेळ स्वतःकडे हवा असतो. तो एकदा कुठेही, अगदी भाड्याच्या हॉलमध्ये पंधरा माणसांपुढे, जाहीरपणे झाला की संपलं. जयंत सोमलकरचा 'स्थळ' सप्टेंबर 2023 मध्ये टोरंटोला लागला आणि इथे मार्च 2025 मध्ये आला. दीड वर्ष थांबणं सोपं नसतं, पोटाला चिमटा बसतो. पण थांबतात.

काका थांबणाऱ्यातले नव्हते.

महोत्सवांच्या प्रवेशिका ज्या फिल्मफ्रीवेवरून जातात तिथलं खातं काकांच्या ऑफिसातल्या एका मुलाने उघडलं, ऑफिसच्या ईमेलवर. मी पासवर्ड दोनदा मागितला. पहिल्यांदा "देतो ना" आणि दुसऱ्यांदा "बाळा, विश्वास नाही का?" या दुसऱ्या वाक्यावर ज्याला 'नाही' म्हणता येतं त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल. मला म्हणता आलं नाही. वडिलांच्या वयाचा माणूस, चहाचे पैसे कधी कोणाला देऊ न देणारा. आपल्याकडे चहाचे पैसे देणाऱ्या माणसावर संशय घेणं हा गुन्हाच आहे.

मग एक दिवस सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर नवीन पोस्टर आलं. मी ठाकुरद्वारला दुधाच्या रांगेत उभी होते. महोत्सवाच्या निवडीची ती दोन बाजूंनी वाकलेली पानांची डहाळी असते ना, तशा चौदा डहाळ्या. चौरंगाला केळीचे खांब बांधावेत तशा, माझ्या नटीचा चेहरा झाकून. खाली काकांचे तीन हसरे चेहरे. मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. रांगेतल्या काकूंना दाखवलंसुद्धा. मग बोटांनी चित्र मोठं करून एकेक डहाळी वाचायला लागले. सगळ्यांच्या नावात 'आंतरराष्ट्रीय'. त्यातले निम्मे दर महिन्याला 'भरणारे'. सातव्या डहाळीत लिहिलं होतं: सर्वोत्कृष्ट ध्वनी.

आमचं मिक्सिंग तेव्हा झालंच नव्हतं.

काकांकडे जी कॉपी होती तिच्यावर वरच्या बाजूला टाइमकोडचे आकडे पळत होते, पार्श्वसंगीताच्या जागी मी दुसऱ्याच कुठल्या सिनेमाचं तात्पुरतं संगीत चिकटवलेलं, आणि बाराव्या मिनिटाला माझाच आवाज येतो: "इथे पावसाचा आवाज घालायचाय." त्या कॉपीला सर्वोत्कृष्ट ध्वनी! म्हणजे कोणी बघितलाच नव्हता. विभागाप्रमाणे फी भरायची आणि विभागाप्रमाणे डहाळी घ्यायची. मिक्सिंगसाठी म्हणून काकांनी घालायच्या ठरलेल्या साडेचार लाखांतली बरीच रक्कम या झाडपाल्यात गेली होती. दुधाच्या पिशव्या घेऊन मी जिन्यात बसले. वरच्या मजल्यावरचे आजोबा विचारत होते, "कोण गेलं का गं?"

त्या चौदांपैकी एकाने सिनेमा खरोखर लावलाही होता, टाइमकोडसकट, आणि आपल्या वेबसाइटवर तारीख-वेळ देऊन तसं छापलंही होतं. तीन आठवड्यांनी ज्या महोत्सवाच्या उत्तरासाठी मी देव पाण्यात घातले होते त्यांचं पत्र आलं. सिनेमा निवड समितीला आवडला होता. पण त्याचा जाहीर खेळ आधीच झालेला दिसतो, तेव्हा क्षमस्व. नुसता नकार असता तर मी पचवला असता. आवडला म्हणून लिहिलं, ते अजून पचलेलं नाही.

परळला गेले. काका फोनवर होते, हाताने 'बस' म्हणाले, मुलाला "मॅडमसाठी कॉफी" म्हणून सांगितलं. मी पोस्टर पुढे ठेवलं. ते म्हणाले, "चौदा आले! पहिल्याच सिनेमाला चौदा! तुझ्या वयात माझ्याकडे काय होतं?" मी टाइमकोडचं बोलले. "तांत्रिक गोष्टी कोण बघतं बाळा." मी पत्राचं बोलले. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज बदलला. "हे बघ, सिनेमा तुझाच आहे. पण निर्माता मी आहे ना." आणि ड्रॉवरमधून सेन्सॉरच्या अर्जाची प्रत काढली. अर्जदार आणि निर्माता या दोन्ही ओळींत त्यांचं नाव.

कॉफी चांगली होती. मी ती संपवली, याचा मला अजून राग येतो.

आता ज्यांना सिनेमा करायचाय त्यांच्यासाठी. "वाचून सही करा" हे तुम्हाला कोणीही सांगेल; मीही वाचूनच केली होती. वाचलेलं कळायला हवं. कायद्याच्या लेखी सिनेमाचा कर्ता दिग्दर्शक नसतो, निर्माता असतो. राष्ट्रीय पुरस्काराची प्रवेशिका, राज्य शासनाच्या अनुदानाचा अर्ज, अनुदान येतं ते खातं, सगळं निर्मात्याचं. म्हणून जो शेवटी साडेचार लाख घेऊन येतो त्याला सहनिर्माता म्हणा, प्रस्तुतकर्ता म्हणा, पडद्यावर त्याचं नाव तुमच्याआधी आणि मोठ्या अक्षरात टाका, काही बिघडत नाही. पण अर्जावरची ती ओळ सोडू नका.

बिलं तुमच्या नावाने घ्या. लाइटवाल्याचं, टेम्पोचं, चाळ कमिटीला दिलेल्या देणगीची पावतीसुद्धा. माझ्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत सिनेमा बघायला मागितला नाही, बिलांची फाइल मागितली. सिनेमा करायला कोणी घेतला, जबाबदारी कोणाची होती, म्हणजे कायद्याने निर्माता कोण, हे त्यावरून ठरतं. शंभराच्या स्टॅम्प पेपरवरचा आमचा एकपानी करार वाचून त्या हसल्या. काकांनी 'सर्व हक्क' लिहिलं होतं, पण किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहायचं राहून गेलं होतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 म्हणतं की मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि दिलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर, तो सुटतो. म्हणजे मला वाचवलं ते माझ्या हुशारीने नाही, काकांच्या आळशीपणाने. तुमच्या वाट्याचे काका इतके आळशी असतीलच असं नाही.

प्राणी दाखवू नका. चाळीतली एक मांजर माझ्या तीन शॉटमध्ये येते-जाते. सेन्सॉरला प्राणी कल्याण मंडळाचं पत्र लागतं, परवानगी शूटिंगच्या आधी घ्यायची असते, आणि मंडळ आहे हरियाणात, बल्लभगडला. लालबागच्या उकिरड्यावरच्या मांजरीसाठी! मला ती कापावी लागली. सिनेमातला सगळ्यात नैसर्गिक अभिनय तिचाच होता.

लोक मला दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण देतात. त्यांनीही विमा गहाण टाकला, धीर धर. कॉरोनेशन थिएटर आमच्या गिरगावातलंच, त्यांच्या सिनेमाचा 3 मे 1913 चा खेळ आम्हाला कोणी शिकवायला नको. पण फाळक्यांचं छापखान्यात भागीदारांशी पटलं नाही आणि पुढे हिंदुस्थान फिल्म कंपनीतही पटलं नाही, सगळं सोडून ते काशीला निघून गेले, हे धीर देणारे सांगत नाहीत. मी काशीला गेले नाही. एडिटिंगची दोन कामं घेतली, मित्रांचे पैसे फेडायला घेतले. रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'ला 2025 च्या जानेवारीत सनडान्सचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं त्या दिवशी मी खूप टाळ्या वाजवल्या आणि मग संध्याकाळभर कोणाचा फोन घेतला नाही.

आणखी एकच. डीसीपी, म्हणजे थिएटरात लावायची कॉपी, द्यावी लागली तर द्या, पण मास्टर आणि आवाजाचे स्टेम्स, म्हणजे संवाद, संगीत, इफेक्ट वेगवेगळे ठेवलेले, हे कोणालाही देऊ नका. मिक्सिंग शेवटी मीच कर्ज काढून केलं. ती ड्राइव्ह आईच्या गोदरेजच्या कपाटात आहे, तिच्या पैठणीच्या घडीत. दुसरी भावाकडे डोंबिवलीला.

करारावरची तारीख ऑगस्ट 2021 ची आहे. गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला, जणू मधली वर्षं झालीच नाहीत. "बाळा, कशी आहेस? एका ओटीटीवाल्याशी बोलणं चाललंय. ते डीसीपी घेत नाहीत म्हणे. मास्टर आणि ते आवाजाचं वेगवेगळं असतं ते मागतायत. तुझ्याकडेच आहे ना?"

मी म्हटलं, "हो काका. माझ्याकडेच आहे."