विलीज जीपचा अडकलेला कार्ब्युरेटर

कांहीं बागाईतदारांच्या गोठ्याशेजारीं अजूनही जुनी विलीज जीप झांकून ठेवलेली आढळते. सन १९४१ ते १९४५ या युद्धकाळांत अमेरिकेंत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं अशा सहा लाखांहून अधिक गाड्या केल्या. सन १९४७ नंतर मुंबईंत महिंद्रांनीं या गाडीची जुळणी सुरू केल्यावर ती आपल्या खेड्यापाड्यांत पोंचली. मृगापासून दसऱ्यापर्यंत गाडी उभी राहते. पूजेच्या दिवशीं सुरू करूं गेलें असतां एकतर यंत्र दाद देत नाहीं, नाहींतर कार्ब्युरेटरांतून पेट्रोल वाहूं लागतें. मग घाईनें जुना कार्ब्युरेटर भंगारांत टाकतात. आमचें म्हणणें असें कीं, उभा राहून अडकलेला कार्ब्युरेटर बहुधा मोडलेला नसतो, चोंदलेला असतो. तो मोडतो तो उघडणाराच्या उतावळेपणानें.

रचना

हवेंत पेट्रोल योग्य प्रमाणांत मिसळणें हें या यंत्राचें काम होय. पेट्रोलच्या एका भागास वजनानें हवेचे सुमारें १४.७ भाग लागतात. जीपचें मूळचें यंत्र ६० अश्वशक्तीचें असून त्यावर कार्टर कंपनीचा ‘डब्ल्यू. ओ.’ जातीचा कार्ब्युरेटर असतो. पंपानें आणलेलें पेट्रोल प्रथम वाडग्यांत येतें. तेथें पोकळ फ्लोट तरंगतो. पातळी वाढली कीं तो वर चढून एका सुईनें पेट्रोलची वाट बंद करतो. घरावरील पाण्याच्या टाकींत चेंडूची तोटी असते, तशीच ही युक्ति. पुढें जेट नांवाच्या बारीक भोकांतून पेट्रोल हवेच्या मार्गांत ओढलें जातें. मुख्य जेटांत एक निमुळती सळई असते. ॲक्सिलरेटर दाबला कीं ती वर उचलली जाऊन पेट्रोल अधिक सुटतें. एकदम वेग वाढवितांना लागणारें जादा पेट्रोल चामड्याच्या वायसराचा लहान पंप पुरवितो.

अडकण्याचें कारण

गाडी उभी असतां वाडग्यांतील पेट्रोल उडून जातें व मागें राळेसारखा चिकट थर राहतो. सुई बंद स्थितींत चिकटली तर पेट्रोल आंत येत नाहीं. उघडी चिकटली तर तें थांबत नाहीं. हा दुसरा प्रकार फार धोक्याचा. एका ठिणगीनें गाडी, गोठा व आंतील जनावरें यांची राख होऊं शकते. गळती दिसतांच यंत्र बंद करावें, गाडी उघड्यावर ढकलावी, आणि ती थंड झाल्यावर बॅटरीची तार सोडावी. जवळ विडी वा कंदील येऊं देऊं नये.

उघडणें

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. पंचनामा झाल्यावांचून वस्तूस हात लावूं नये, हा तेथील नियम येथेंही उपयोगीं पडतो. कार्ब्युरेटर गाडीवर असतांनाच त्याचीं चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. पांढऱ्या कापडावर ताट ठेवून निघालेला प्रत्येक भाग क्रमानें मांडावा व कागदावर नोंदावा. झांकण उचलण्यापूर्वीं वर सांगितलेली सळई सोडवून घ्यावी. नाहींतर ती वांकते, आणि वांकलेली सळई प्रमाण बिघडविते. पंपाच्या वाटेंत बारीक गोळ्या असतात, त्या घरंगळून जाऊं देऊं नयेत. स्क्रू फिरत नसेल तर गंज सोडविणारें तेल घालून रात्रभर थांबावें. बरोबर मापाच्या पेंचकसावांचून जोर करूं नये. जस्तमिश्र धातूचें ओतकाम ठिसूळ असतें. एकदां तडकलें कीं तें सांधत नाहीं.

धुणें

बाजारांत मिळणाऱ्या कार्ब्युरेटर धुण्याच्या द्रवांत धातूचे भाग भिजवावे. चामडें, रबर व पॅकिंग त्यांत घालूं नयेत. हातमोजे व चष्मा वापरावा. भोकांतून हवा मारण्यास सायकलचा पंप पुरतो. जेटांत तार मुळींच खुपसूं नये; भोंक मापानें केलेलें असतें व पितळ मऊ असल्यामुळें तें मोठें होतें. कुंचल्याचा केंस किंवा नायलॉनचा दोरा चालेल. फ्लोट हालवून आंत पेट्रोल वाजतें का पाहावें. वाजल्यास तो बदलावा. त्यास डाग देण्याच्या भरीस पडूं नये, कारण आंतील वाफेचा भडका उडतो.

जुळणी व परीक्षा

नवी सुई तिच्या बैठकीसह बसवावी. चामडें हलक्या तेलांत मुरवून मगच घालावें. झांकण उलटें धरून पेट्रोलच्या तोंडाशीं स्वच्छ नळीनें हलकेच फुंकावें. फ्लोटच्या भारानें सुई मिटून हवा अडली पाहिजे. मंद चालीचा स्क्रू हलक्या हातानें पूर्ण मिटवून दीड फेरा उघडावा, व यंत्र तापल्यावर कमीजास्त करावा. वाडगा भरल्यावर पाव तास वाट पाहावी. सारें कोरडें दिसलें तरच यंत्र सुरू करावें.

इथॅनॉलचा विचार

पेट्रोलांतील इथॅनॉलचें प्रमाण सन २०२२ मध्यें शेंकडा १० व सन २०२५ मध्यें शेंकडा २० झालें. आपल्या उंसास त्यानें गिऱ्हाईक मिळालें, ही गोष्ट चांगलीच. परंतु इथॅनॉल हवेंतील पाणी शोषतें, जुनें रबर फुगवितें, आणि साचलेल्या पाण्यानें वाडग्यांत पांढरी बुकटी धरते. शिवाय त्यास हवेचे नऊच भाग पुरतात. म्हणजे त्याच जेटांतून येणारें मिश्रण आतां हवेच्या मानानें विरळ पडतें. यासाठीं नळ्या व पॅकिंग इथॅनॉल सोसणाऱ्या रबराचीं घ्यावीं.

पावसाळ्यांत दर पंधरवड्यास यंत्र चांगलें तापेपर्यंत चालवावें. तें जमण्यासारखें नसेल तर गाडी झांकण्यापूर्वीं, यंत्र थंड असतां, टाकीकडून येणारी नळी पंपापाशीं सोडून तिचें तोंड घट्ट बंद करावें, सांडलेलें पेट्रोल पुसून वाळूं द्यावें, आणि यंत्र आपोआप थांबेपर्यंत चालवून वाडगा रिकामा करावा. अर्ध्या तासाचें हें काम ज्येष्ठांत केलें, तर आश्विनांत दोन दिवस खोळंबावें लागणार नाहीं.