गोळी तीच, मात्रा ज्याची त्याची

कंट्रोल सिस्टिमचा पेपर ज्यांनी दिला आहे (सुटला असो वा नसो!), त्यांना एक गोष्ट नक्की ठाऊक असेल. गेन कमी ठेवला तर सिस्टिम सुस्तावते, जास्त ठेवला तर हेलकावे खाऊ लागते. योग्य गेन कोणता, हे नुसता तक्ता बघून पक्के होत नाही. आउटपुट बघत बघत थोडे थोडे जुळवावे लागते. आजच्या लेखाचा विषय मशीन नाही, माणूस आहे; पण हा धडा तिथेही लागू पडतो.

‘एडीएचडी’ हा शब्द हल्ली मेसच्या टेबलावर सर्रास ऐकू येतो. लेक्चरमध्ये झोप आली की “मला एडीएचडी आहे रे” म्हणून मोकळं व्हायचं! ज्याला खरोखर हा त्रास आहे, तो मात्र लहानपणापासून ‘आळशी’, ‘बेजबाबदार’, ‘हुशार आहे पण करत नाही’ हीच वाक्ये ऐकत आलेला असतो. आणि परीक्षेच्या दिवसांत कुणाच्या तरी ओळखीतून ‘अभ्यासाची गोळी’ खोलीखोलीतून फिरू लागते. या सगळ्याच्या मागे एक समजूत आहे, ती म्हणजे गोळी हे बटण आहे, दाबलं की लक्ष लागलं. ती समजूत किती चुकीची आहे ते आज बघू.

आधी आजार कोणता ते पाहू

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. अवधान टिकवता न येणे, अतिचंचलता आणि विचार करण्याआधीच कृती करून बसणे ही त्याची तीन मुख्य अंगे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या ‘डीएसएम-५’ या निदान-पुस्तिकेनुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, ती घर आणि शाळा (किंवा कॉलेज, नोकरी) अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यामुळे रोजच्या जगण्याचं नुकसान होत असावं लागतं. म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरला एम-थ्री आल्यावर अचानक सुरू झालेला ‘एडीएचडी’ हा बहुधा एम-थ्रीचाच आजार असतो! अपुरी झोप, नैराश्य, चिंता, थायरॉइड यांमुळेही लक्ष उडतं. म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचे, मोबाईलवरच्या व्हिडिओने नाही.

औषधे कोणकोणती?

या औषधांचा इतिहास रंजक आहे. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयातील ३० मुलांना बेन्झेड्रीन हे ॲम्फेटामाइन गटातील उत्तेजक दिले. उत्तेजकाने मुले आणखी उधळतील असे कुणालाही वाटेल. झाले उलटेच. बरीच मुले शांत झाली आणि त्यांचा अभ्यास सुधारला. पुढे १९४४ मध्ये सिबा या स्विस कंपनीत लिआंद्रो पानिझॉन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. त्यांच्या पत्नीचे लाडके नाव ‘रिटा’, त्यावरून औषधाचे नाव पडले रिटालिन!

आज वापरात असलेल्या औषधांचे दोन गट पडतात.

पहिला गट उत्तेजकांचा. यात मेथिलफेनिडेट आणि ॲम्फेटामाइनची विविध रूपे येतात. मेंदूतील पेशी डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन ही संदेशवाहक रसायने सोडतात आणि लगेच परत आत ओढून घेतात. मेथिलफेनिडेट हा परत ओढणारा पंप अडवते, त्यामुळे संदेश थोडा जास्त वेळ टिकतो. साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि तीन-चार तासांत ओसरतो. लांब पल्ल्याच्या गोळ्याही आहेत. त्यातली २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेली कॉन्सर्टा आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी जरूर अभ्यासावी. तिच्या वरच्या थरात सुमारे २२ टक्के औषध असते, ते लगेच विरघळते. मग अर्धपार्य आवरणातून पाणी आत शिरते, आतला एक थर फुगतो आणि लेझरने पाडलेल्या बारीक छिद्रातून उरलेले औषध हळूहळू बाहेर ढकलतो. बॅटरी नाही, मोटर नाही, आणि या पंपाचा परिणाम जवळपास बारा तास टिकतो! अशी गोळी चावली किंवा कुटली तर पंपच मोडतो आणि दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. म्हणून ती अख्खीच गिळायची.

दुसरा गट उत्तेजक नसलेल्या औषधांचा. यातले ॲटोमॉक्सेटिन २००२ साली अमेरिकेत मंजूर झाले. ते प्रामुख्याने नॉरएपिनेफ्रिनवर काम करते आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. क्लोनिडिन आणि ग्वानफासिन ही मुळात रक्तदाबाची औषधे, पण मुलांच्या एडीएचडीसाठीही वापरतात. त्यांनी झोप येते, रक्तदाब उतरतो आणि ती एकदम बंद केली तर रक्तदाब उसळी मारू शकतो.

२०१८ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात १३३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. परिणाम आणि सोसवणूक दोन्ही धरून अल्पकाळासाठी पहिली पसंती म्हणून त्याने मुलांसाठी मेथिलफेनिडेट आणि मोठ्यांसाठी ॲम्फेटामाइन सुचवले. आपल्याकडे मात्र डॉक्टरांच्या हातात मुख्यतः मेथिलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन आणि क्लोनिडिन हीच औषधे असतात.

मात्रा कशी जुळवतात?

आता मुख्य मुद्दा. खालचे आकडे तत्त्व समजण्यासाठी आहेत, स्वतःवर प्रयोग करण्यासाठी नाहीत, हे आधीच सांगतो.

१. कमीपासून सुरुवात. सहा वर्षांवरील मुलाला साधे मेथिलफेनिडेट बहुधा ५ मिलिग्रॅम सकाळी आणि ५ दुपारी असे सुरू करतात. मग दर आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅमने वाढवत नेतात. दिवसाची नेहमीची कमाल मर्यादा ६० मिलिग्रॅम. सहा वर्षांखालील मुलांत मात्र आधी आईवडिलांना वागणूक हाताळण्याचे प्रशिक्षण देतात, गोळी नंतर.

२. त्रैराशिक चालत नाही. ‘२० किलोच्या मुलाला इतके, तर ६० किलोच्या माणसाला तिप्पट’ हे गणित मेथिलफेनिडेटला लागू पडत नाही. एखाद्या किडकिडीत पोराला धिप्पाड माणसापेक्षा जास्त मात्रा लागू शकते. ॲटोमॉक्सेटिनचे तसे नाही. तिथे ७० किलोपर्यंतच्या मुलांत वजन धरतात. सुरुवात किलोमागे रोज ०.५ मिलिग्रॅम, नंतर लक्ष्य १.२. म्हणजे २० किलोच्या मुलाला आधी १० आणि मग साधारण २५ मिलिग्रॅम. मोठ्यांना आधी ४०, नंतर ८० आणि जास्तीत जास्त १००. शिवाय हे औषध यकृतातील ज्या एन्झाइममुळे मोडते, ते काही लोकांत जन्मतःच मंद असते. इतरांच्या अंगात पाच तासांत निम्मे होणारे औषध त्यांच्यात निम्मे व्हायला वीसहून अधिक तास घेते. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची औषधेही याच एन्झाइमला अडवतात. म्हणून आधीची सगळी औषधे डॉक्टरांना सांगायची.

३. औषधाचा वेग ओळखा. हिवाळ्यात होस्टेलच्या बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडला की पाणी यायला वेळ लागतो. धीर सुटलेला माणूस नळ पूर्ण उघडतो आणि मग पोळतो. ॲटोमॉक्सेटिनचे तसेच आहे. आठवड्यात फरक नाही म्हणून वाढवत सुटलात तर फक्त मळमळ पदरात पडते. “लागू पडत नाही” म्हणून पंधराव्या दिवशी सोडून देणारेही पुष्कळ. दोघांचेही नुकसानच. मेथिलफेनिडेटचा परिणाम मात्र त्याच दिवशी दिसतो, त्यामुळे त्याची मात्रा आठवड्या-आठवड्याने ठरवता येते.

४. त्रास कोणत्या वेळी होतो ते लिहा. हा मुद्दा सर्वांत उपयोगाचा. समजा, मुलगा चिडचिडा, रडवेला होतो. सकाळी ११ वाजता, औषध जोरात असताना होत असेल, तर मात्रा बहुधा जास्त आहे. संध्याकाळी ५ वाजता, औषध ओसरताना होत असेल, तर ते संपल्याची प्रतिक्रिया असू शकते, आणि तेव्हा डॉक्टर वेळ बदलतात किंवा लांब पल्ल्याची गोळी देतात. लक्षण एकच, उपाय उलट! नोंदवही नसेल तर डॉक्टर तरी काय करणार?

५. कुठे थांबायचे? सोसेल ती सर्वांत मोठी मात्रा म्हणजे योग्य मात्रा नव्हे. जिथे काम होते आणि त्रास नगण्य असतो, ती योग्य. मूल गप्प गप्प बसायला लागले, हसेनासे झाले, तर घरचे म्हणतात, “चला, सुधारला!” खरे तर मात्रा जास्त झाल्याची ती खूण असू शकते. औषधाने मुलाची चुळबुळ कमी व्हावी, मूल नाही.

भूक मंदावणे, झोप न लागणे, डोके-पोट दुखणे, नाडी आणि रक्तदाब थोडे वाढणे हे उत्तेजकांचे नेहमीचे त्रास. म्हणून सुरू करण्याआधी हृदयविकाराची आणि घराण्यातील अचानक मृत्यूंची चौकशी करतात, मात्रा बदलताना रक्तदाब मोजतात आणि मुलांची उंची-वजन नियमित नोंदवतात. नाश्ता गोळीआधी करायचा, रात्री पोटभर जेवायचे, हा साधा उपाय बऱ्याच घरांत पुरतो. ॲटोमॉक्सेटिन घेणाऱ्या मुलांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार येत नाहीत ना, यावर लक्ष ठेवा, असा ठळक इशारा अमेरिकेत २००५ पासून छापला जातो.

मोठ्यांचे वेगळे काय?

लहान मुलाचे आउटपुट आई आणि बाई बघतात. होस्टेलमधल्या मुलाचे कोण बघणार? मोठ्यांना स्वतःची नोंद स्वतः ठेवावी लागते आणि नेमकी तीच गोष्ट या आजारात अवघड! म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली अठरा प्रश्नांची ‘एएसआरएस’ सारखी प्रश्नावली वापरतात. विश्वासातला रूममेट असेल तर त्याचे निरीक्षणही मोलाचे. शिवाय मोठ्यांचा दिवस लांबलचक. सकाळी नऊचे लेक्चर आणि रात्री बाराचे सबमिशन दोन्ही औषधात बसवायला गेलात तर झोपेचा बळी जातो. त्यावर दारू, सिगारेट, चहा-कॉफीचे कप, जोडीला चिंता किंवा नैराश्य. डॉक्टरांना हे सगळे खरे खरे सांगितले तरच मात्रा नीट बसते.

गोळी तीच, निकाल वेगळा

मात्रा जुळवण्याने खरंच इतका फरक पडतो का? १९९९ साली प्रसिद्ध झालेला ‘एमटीए’ हा उत्तर अमेरिकेतला अभ्यास बघा. ७ ते ९ वर्षांची ५७९ मुले, चार गट, १४ महिने. एका गटात पहिले २८ दिवस वेगवेगळ्या मात्रा तपासून प्रत्येक मुलाची योग्य मात्रा ठरवली, नंतर दर महिन्याला भेट. दुसऱ्या एका गटाने बाहेरच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे उपचार घेतले. त्यातल्याही सुमारे दोन-तृतीयांश मुलांना औषध मिळतच होते, पण मात्रा कमी आणि भेटी विरळ. मुख्य लक्षणांत पहिला गट स्पष्टपणे पुढे राहिला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १४ महिन्यांनंतर ती काटेकोर देखरेख संपली आणि तीन वर्षांनी पाहिले तेव्हा गटांमधला फरक उरला नव्हता. म्हणजे एकदा गोळी बसवली की काम झाले असे नाही. मूल वाढते, शाळा बदलते, कॉलेज लागते. म्हणून वर्षातून निदान एकदा ‘अजून गरज आहे का, मात्रा बरोबर आहे का’ हे तपासायचेच.

आणि ती ‘अभ्यासाची गोळी’

आता कळले असेल की रूममेटची गोळी मागण्यात काय चूक आहे. त्या गोळीमागे त्याची तपासणी, त्याचा रक्तदाब, त्याच्या कित्येक आठवड्यांच्या नोंदी असतात. तुम्हाला मिळते ती नुसती गोळी. बरं, फायदा तरी होतो का? २०२३ साली मेलबर्नच्या संशोधकांनी ४० निरोगी तरुणांना मेथिलफेनिडेट व तशीच इतर औषधे देऊन आपल्या कॉम्प्युटरवाल्यांचा आवडता नॅपसॅक प्रॉब्लेम सोडवायला दिला. औषध घेतल्यावर त्यांनी वेळ जास्त घातला, खटपट जास्त केली, पण खटपटीचा दर्जा घसरला. एंजिनाचा आवाज वाढला, गाडी काही पुढे गेली नाही!

कायद्याचेही बघा. मेथिलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते. २०२० च्या टेलिमेडिसिन सूचनांनुसार शेड्यूल एक्समधली औषधे फोनवरून तपासून लिहून देता येत नाहीत. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीतही हे नाव आहे. म्हणजे “एखादी दे ना यार” ही मैत्री मित्राला गोत्यात आणणारी आहे. शिवाय त्याच्या मोजून मिळालेल्या गोळ्यांतली एक कमी झाली, तर त्याचा एक दिवस कोरडा जातो.

जे औषध घेतात त्यांना एवढेच सांगणे आहे की लाजू नका, गोळ्या कुलपात ठेवा, वही ठेवा आणि मनाने वाढवू किंवा बंद करू नका. वॉर्डन आणि सर-मॅडमना विनंती, की जो मुलगा दर वेळी सबमिशन चुकवतो त्याला झापण्याआधी एकदा बाजूला घेऊन विचारा, “शाळेतही असंच व्हायचं का रे?” उत्तर ‘हो’ आले, तर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सुचवा. कुठे जायचे कळत नसेल तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

कंट्रोलच्या भाषेत सांगायचे तर फीडबॅकशिवाय लूप पूर्ण होत नाही. इथे तो फीडबॅक सेन्सर देत नाही. रुग्णाने, घरच्यांनी आणि होस्टेलवर असेल तर तुम्ही-आम्हीच तो द्यायचा असतो.